पंधरा ऑक्टोबर

दिवाळी अंकाचा शेवटचा फॉर्म छपाईला जातो, त्याच सुमारास पाटबंधारे खात्याचं वर्ष कूस बदलतं. (खातं केव्हाच ‘जलसंपदा’ झालं, लोकांच्या तोंडी अजून पाटबंधारेच आहे.) खात्याच्या हिशेबात खरीप १४ ऑक्टोबरला संपतो आणि १५ला रब्बी सुरू होतो. त्या दिवशी धरणात जेवढं पाणी, तेवढ्यावर जूनपर्यंतचा संसार. मग कालवा सल्लागार समितीच्या बैठका लागतात, आवर्तनं किती आणि कधी यावर खडाजंगी होते, आणि पहिला घोट बहुधा उसाच्या वाट्याला जातो.

ही तारीख सर्वांत धास्तीनं पाळली जाते ती गोदावरीच्या खोऱ्यात. १५ ऑक्टोबरला पैठणच्या जायकवाडी धरणाचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर नाशिक-नगरकडच्या धरणांनी खाली पाणी सोडायचं, असा २०१४पासूनचा दंडक आहे. २०२३ साली ऐन दिवाळीच्या तोंडावर ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला आणि भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात पोचलं. एक टीएमसी म्हणजे २,८०० कोटी लिटरहून थोडं जास्त. आकडा ऐकूनच वाद तापावा असा. आम्हाला विचाराल तर पैठणकरांचं म्हणणं रास्त आहे. नदी ज्याच्या दारावरून आधी जाते, ती त्याची होत नाही.

टक्क्यांवर मात्र फार विसंबू नये. उजनीचंच बघा. धरण ११७ टीएमसीचं, त्यातला ६३.६६ टीएमसी मृतसाठा, आणि टक्के मोजायचे ते उरलेल्या साडेत्रेपन्नाचे. त्यामुळे २०२४च्या उन्हाळ्यात उजनी ‘उणे पन्नास’च्याही खाली गेल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा अनेकांना वाटलं, आता तळाला भेगाच उरल्या. कागदावर तरी तेव्हा त्यात खडकवासला साखळीतली चारही धरणं काठोकाठ भरून उरेल एवढं पाणी होतं. गाळ वजा केला की हिशेब बिघडतो. पण बातमीत गाळ कोण वजा करतो?

हे झालं अडवलेल्या पाण्याचं. ते जिथं पडतं, त्या घाटमाथ्याचं काय?

इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तिथून नि त्र्यंबकेश्वरच्या डोंगरांतून गोदावरीची धरणं भरतात. वैतरणेचं पाणी मुंबईच्या नळांना जातं. आणि याच तालुक्यांतल्या पाड्यांवर एप्रिलमध्ये टँकरची वाट बघतात. धरण उशाला, कोरड घशाला. सह्याद्रीचा काळा पाषाण पाणी फारसं पोटात घेत नाही. फटींत, सांध्यांत, दोन थरांमधल्या भुसभुशीत पट्ट्यात मुरेल तेवढंच. बाकीचं चार महिन्यांत धो धो उतरून जातं. मुरलेलं पाणी झऱ्यावाटे बाहेर येतं आणि पाडा त्यावर जगतो. या झऱ्यांना ना टीएमसी, ना टक्के. १५ ऑक्टोबरच्या कुठल्याही तक्त्यात त्यांच्यासाठी रकाना नाही. खरं तर झरा मोजायला लागतं काय? एक बादली आणि एक घड्याळ.

यंदाच्या अंकातला घाटमाथ्यावरचा विभाग याच कुतूहलातून निघाला. गेल्या दिवाळीत त्र्यंबकच्या बाजूला एका पाड्यावर आम्ही झऱ्याखाली बादली लावली. बोलता बोलता भरली. महाशिवरात्रीला तीच बादली भरेपर्यंत शेजारच्या घरात आमचा चहा उकळून, गाळून, पिऊन झाला. मे महिन्यात पुन्हा गेलो, तेव्हा झऱ्याच्या जागी हातभर खड्डा होता आणि काठावर हंडा घेऊन एक आजी बसल्या होत्या. आमच्याकडे बघून हसल्या. म्हणाल्या, “बादली कशाला आणली? वाटी आणायची.”