हेडसेट घ्या, पण कान गहाण ठेवू नका

कॉलेजसाठी भंडारा-साकोली किंवा थेट नागपूर, रोजचं अप-डाउन. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर मागे ट्रक, आणि आपण? मोबाइल हेल्मेटमध्ये कोंबलेला, नाहीतर कानात इअरबड्स ठासलेले. हॉर्न ऐकू येणार कसा? त्यापेक्षा हेल्मेटचा ब्लूटूथ हेडसेट बरा. त्याचे स्पीकर कानाच्या बाहेर राहतात. पण घेताना नुसती ऑफर पाहू नका.

आधी हेल्मेट बघा. त्यावर आयएसआयचा शिक्का नसेल, तर हेडसेटचे पैसे आधी चांगल्या हेल्मेटवर घाला. कानाजवळ स्पीकरसाठी खोलगट जागा आहे का? नसेल तर आतलं थर्माकोल कोरू नका. डोकं आपटलं की तो मार तेच झेलतं. एकटेच फिरत असाल, तर लांब पल्ल्याच्या इंटरकॉमवर जास्तीचे पैसे कशाला? आपल्याकडच्या पावसा-धुळीसाठी आयपी ६७ बघा: धूळ आत शिरत नाही, एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. बटणं हातमोजे घालूनही सापडली पाहिजेत. आवाज मात्र मागचा हॉर्न ऐकू येईल इतकाच ठेवा.

आणि एक गोष्ट कुठलाच हेडसेट करून देत नाही. हात मोकळे झाले, तरी लक्ष मोकळं होत नाही. रस्ता विचारायला हेडसेट ठीक, गप्पांसाठी नको. आईचा फोन आला? गाडी बाजूला घ्या, मग निवांत बोला. तिलाही तेच हवंय.