उंबऱ्यापर्यंत आलेला रस्ता

गेली नरक चतुर्दशी आम्ही तंजावरात काढली. पहाटे तेल-उटणं उरकून जो तो शेजाऱ्याला विचारत होता, "गंगास्नान आच्चा?" झालं का गंगास्नान? तमिळ मुलखातल्या दिवाळीच्या शुभेच्छा त्या ह्याच. तिथली दिवाळी मुख्यतः एका दिवसाची, पण तिच्या आधीचा आठवडा गांधीजी रोडवर काढून पाहावा. कापडदुकानांसमोर दुचाक्यांच्या तीन-तीन रांगा, उरलेल्या फटीतून टाउन बस, आणि बसच्या हॉर्नने छातीत होणारी धडधड.

दिवाळी अंकाच्या तोंडीच रहदारीचं रडगाणं कशाला, असं वाचक म्हणतील. आम्ही गेलो होतो ते मराठी वाचायला. बृहदीश्वराच्या मंदिराच्या प्राकारात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा लांबलचक मराठी शिलालेख आहे, 1803 सालचा. तो पाहायचा, सरस्वती महाल ग्रंथालयातली मोडीची दप्तरं पाहायची, एवढाच बेत. पण मंदिरासमोरचा रस्ता ओलांडायलाच पाऊण चहा होईल इतका वेळ गेला. एक स्कूटरवाला उलट्या बाजूने आला, हेल्मेट आरशाला टांगलेलं, आणि वर आमच्याकडेच रागाने बघत गेला. पुण्याची आठवण येऊन क्षणभर बरं वाटलं, हे कबूल करतो.

गमतीचा भाग इथे संपतो. केंद्राच्या अहवालाप्रमाणे 2022 साली देशात 4,61,312 रस्ते अपघात झाले. त्यातले 64,105 एकट्या तमिळनाडूतले, म्हणजे दर सातात जवळजवळ एक. अपघातांत ते राज्य पहिलं. आपल्या महाराष्ट्रात अपघात त्याच्या निम्म्याच्या आसपास, 33,383, पण मेलेल्यांचा आकडा 15,224. त्यांच्याकडे तो 17,884. तेव्हा नाक मुरडायची सोय नाही.

ह्याच तंजावरच्या राजाने रस्त्याविषयी लिहिलेलं एक पत्र आहे. 1799 च्या तहाने सरफोजीराजांचं राज्य इंग्रजांकडे गेलं. हाती उरला किल्ला आणि आसपासचा मुलूख. 1801 मध्ये त्यांनी रेसिडेंट टॉरिन ह्यांना लिहून कळवलं की रामेश्वराच्या वाटेवर आमच्या पूर्वजांनी बांधलेली छत्रं तेवढी चालू राहू द्या. छत्रात काय मिळतं हे राजा तपशिलाने सांगतो. कोणत्याही जातीचा वाटसरू आला तरी शिजलेला भात. आजारी पडला तर वैद्य आणि पथ्याचं अन्न, बरा होईपर्यंत. वाटेत मेला तर त्याच्या रीतीप्रमाणे क्रियाकर्म. बाळंतिणीची सोय, तान्ह्याला दूध. सत्ता गेलेला राजा मागतो काय, तर पायी चालणाऱ्याची काळजी! ओरत्तनाडूचं मुक्तांबा छत्र तर 1802 चं, म्हणजे राज्य गेल्यानंतरचं. रस्ता म्हणजे त्यावरून जाणारं सगळ्यांत अशक्त माणूस, हा हिशेब त्यांना ठाऊक होता. आजचा हिशेब वाहनाचा. पादचारी त्यात अडथळा म्हणून येतो.

आजचा हिशेब डांबराचाही. जुना थर न खरवडता त्यावर नवा ओतायचा, ही आपल्याकडच्या पेठांना नवी गोष्ट नाही. रस्ता चढतो, घर बुडतं. हे थांबावं म्हणून 2021 मध्ये तमिळनाडूचे मुख्य सचिव इरै अन्बू ह्यांनी रस्ते खात्यांना लिहिलं: आधी खरवडा, मग डांबर घाला. पुढच्याच वर्षी, 27 एप्रिल 2022 च्या पहाटे, तंजावरजवळच्या कळिमेडू गावात अप्पर स्वामींच्या उत्सवाचा रथ उच्च दाबाच्या तारेला लागला. 11 माणसं गेली, त्यांत मुलंही होती. रस्ता नव्याने केल्यामुळे त्याची उंची वाढली होती, असं त्या वेळच्या बातम्यांत आलं. रथाची उंची किती, तार किती वर, वीज कोणी बंद करायची, ह्यावर नंतर पुष्कळ बोललं गेलं. रस्ता किती वाढला हे आधी कोणी मोजलं होतं का, हा प्रश्न आम्हाला अजून छळतो.

खुद्द तंजावर शहरात ह्याच्या उलटंही घडलेलं आहे. एप्रिल 2015 मध्ये बृहदीश्वराचा रथ सुमारे शंभर वर्षांनी पुन्हा चार राजरस्त्यांवरून फिरला. म्हणजे मनात आणलं तर रस्ता मोकळा होतो. देवासाठी होतो. शहर तर 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या यादीत आलं, पण मंदिरासमोर रस्ता ओलांडू पाहणाऱ्या म्हातारीला ती यादी अजून दिसलेली नाही.

आम्ही उतरलो होतो त्या घरच्या आजी तंजावरी मराठी बोलतात, त्यांच्या कितव्या तरी पिढीची. लग्न होऊन आल्या तेव्हा रस्त्यावरून तीन पायऱ्या चढून ओट्यावर यावं लागे. आता एक पायरी उतरावी लागते, आणि पावसात उंबऱ्याशी वाळूची पोती. चतुर्दशीच्या पहाटे त्यांनी कोलम (तिकडची रांगोळी) काढलं, ते रोजच्यासारखं दाराशी चिकटून नाही. ठिपके मांडत मांडत त्या पार रस्त्याच्या मध्यापर्यंत गेल्या. आम्ही पणती धरून मागे उभे होतो. "आणखी तासभर कुणी येत नाही," त्या म्हणाल्या आणि वाकून पुढचा ठिपका मांडला.