साखळीवरचा राखणदार

घराच्या राखणीसाठी कुत्रा पाळावयाचा, दोन वेळा त्याला उरलीसुरली भाकरी घालावयाची आणि बाकीचा दिवस त्याला गोठ्याच्या खांबाला जखडून ठेवावयाचे, ही रीत आपल्या खेड्यांतून सर्रास दिसते. असे करणारी माणसे निर्दय असतात, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. कुत्र्याचे पोट भरले की आपले कर्तव्य संपले, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. तथापि कुत्र्याला पोटाप्रमाणे मनही असते, आणि त्या मनाची उपासमार झाली तर तिचे परिणाम त्यालाच नव्हे, तर घरादारालाही भोगावे लागतात.

कुत्रा हा संगतीत राहणारा प्राणी आहे. आपले कुटुंब हाच त्याचा कळप. शिवाय आपण जग डोळ्यांनी पाहतो, तसे तो ते नाकाने जाणतो. साखळीच्या चार हातांच्या वर्तुळात त्याला ना संगत, ना नवा वास. मग तो दिवसभर भुंकतो, एकाच जागी येरझारा घालतो, माती उकरतो, नाही तर स्वतःचेच पाय चाटून चाटून जखमी करून घेतो. दुसरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मोकळा कुत्रा भ्याला तर दूर पळतो. बांधलेल्याला पळता येत नाही. अंगावर धावून जाणे एवढाच मार्ग त्याला उरतो. आपण मात्र त्याला ‘तिखट’ म्हणून नावाजतो. चेंडू आणावयास अंगणात शिरलेल्या शेजारच्या पोराला तो चावला म्हणजे त्या तिखटपणाचा अर्थ आपल्याला कळतो. सदैव बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम देण्यात हयगय करणे हा आपल्या देशात 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये मालकाचा गुन्हा आहे, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

याचा उपाय खर्चाचा नाही. सकाळी व सायंकाळी अर्धा अर्धा तास त्याला बांधाबांधाने फिरवून आणावे आणि वाटेत मनसोक्त हुंगू द्यावे. त्या हुंगण्याने त्याच्या मनाला विरंगुळा मिळतो. रात्री फाटक लावून त्याला आवारात मोकळे सोडावे. बांधणे भागच असेल तेव्हा दोरी लांब असावी, सावली व पाणी आवाक्यात असावे, आणि घरातली माणसे त्याला दिसावीत.

मनाची खरी जडणघडण मात्र पिल्लूपणीच होते. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे कुत्र्यांचे निरीक्षण करून 1965 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहते, ऐकते, ज्यांच्या सहवासात राहते, त्यांना ते जन्मभर आपले मानते, असे त्यांना आढळले. म्हणून डोळे उघडताच पिल्लू आईपासून तोडून आणू नये. निदान सात-आठ आठवडे ते आईजवळ व भावंडांत राहू द्यावे. घरी आणल्यावर त्याला मुले, म्हातारी माणसे, गुरे, कोंबड्या, मोटारीचा आवाज या सर्वांची हळूहळू ओळख करून द्यावी.

आता मारण्याविषयी. कुत्र्याने चप्पल फाडली, मालक दोन तासांनी घरी आला, आणि कुत्रा मान खाली घालून बसला. “पाहा, याला आपला अपराध कळतो,” असे म्हणून मालक काठी उचलतो. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या विदुषीने 2009 मध्ये याच गोष्टीची परीक्षा केली. कुत्र्याने अपराध केला असो वा नसो, मालक रागावला की त्याचा चेहरा तसाच होतो, असे तिला दिसून आले. ती भीती असते, पश्चात्ताप नव्हे. चप्पल आणि मार यांचा संबंध त्याला लागत नाही. मालक केव्हाही मारतो, एवढेच तो शिकतो.

अशा शिकवणीचे फळ काय, हे 1967 मध्ये सेलिग्मन आणि मायर यांच्या प्रयोगात दिसले. प्रयोग क्रूर होता, पण त्यातील धडा मोलाचा आहे. काहीही केले तरी विजेचे धक्के चुकत नाहीत, असा अनुभव ज्या कुत्र्यांना आला होता, त्यांपैकी बहुतेक पुढे सुटकेची वाट समोर असतानाही जागच्या जागी पडून राहिले. मार खाऊन ‘गरीब’ झालेला कुत्रा पुष्कळदा असाच हताश झालेला असतो. पुढे त्यांना पट्ट्याला धरून वारंवार पलीकडे नेल्यावर ती पुन्हा स्वतःहून सुटका करून घेऊ लागली. तेव्हा बिघडलेले मनही धीराने सुधारते. चांगले वागताच तत्क्षणी भाकरीचा तुकडा व शाबासकी द्यावी. चुकल्यास वस्तू काढून घेऊन लक्ष दुसरीकडे वळवावे.

सणावारी फटाक्यांनी त्याचा जीव कासावीस होतो, कारण त्याची श्रवणशक्ती आपल्याहून फार तीक्ष्ण असते. अशा रात्री त्याला बाहेर बांधू नये. आतल्या खोलीत, दार-खिडक्या लावून, घरच्या कोणा माणसाच्या जवळ बसू द्यावे. जवळ घेतल्याने भीती वाढते, ही समजूत खोटी आहे. उलट, मालक आणि कुत्रा एकमेकांकडे प्रेमाने पाहत राहिले असता दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे द्रव्य वाढते, असे जपानी संशोधकांनी 2015 मध्ये दाखविले. आई आणि तान्हे मूल यांच्या जिव्हाळ्यातही हेच द्रव्य असते.

एक सावधगिरीची सूचना. कुत्र्याचा स्वभाव एकाएकी पालटला, तो खाईनासा किंवा अंगावर येऊ लागला, तर ते केवळ मनाचे दुखणे समजू नये. आजार असेल; क्वचित पिसाळण्याचाही रोग असेल. मुलांना दूर ठेवून गुरांच्या डॉक्टरांना कळवावे. कोणास चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दरवर्षीची लस चुकवू नये.

हे वाचून झाल्यावर वाचकांनी एकदा परसात जाऊन पाहावे. आपला मोत्या किंवा वाघ्या कोठे बांधलेला आहे, त्याचे पाणी संपले आहे काय, आज त्याच्याशी कोणी दोन शब्द बोलले आहे काय? आणि शक्य असेल तर आज सायंकाळीच साखळी सोडून त्याला बांधापर्यंत घेऊन जावे. घरातील एखाद्या मुलालाही बरोबर न्यावे. मुक्या जीवाचे मन ओळखावयास शिकलेले मूल माणसांचे मनही सहसा दुखवीत नाही.