गुडघा नवा, हाड मात्र जुनेच

घाटकोपर-मुलुंडकडच्या लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आजींसाठी गुडघेदुखी म्हणजे घरातच कैद. त्यामुळे गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया त्यांना वरदान वाटते, आणि ते खरेही आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा आणली, तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची कमाल किंमत जीएसटी वगळून ५४,७२० रुपये ठरली. तेव्हापासून नातेवाईक ‘सांधा कोणता? किती वर्षे टिकेल?’ हे आवर्जून विचारतात. पण तो ज्या हाडात बसणार, ते हाड किती मजबूत आहे, हे क्वचितच कोणी विचारते.

गुडघ्याची झीज आणि हाडांचा ठिसूळपणा, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यात सांध्यातील कूर्चा झिजते व दुखते. दुसरा हाड मोडेपर्यंत मुका असतो. रजोनिवृत्तीनंतर अनेक स्त्रियांत दोन्ही एकत्र आढळतात. ‘वजन जास्त, म्हणजे हाडे भक्कम’ या समजुतीवर विसंबू नये. साध्या एक्स-रेत ठिसूळपणा दिसतो तोवर हाडाची बरीच घनता गेलेली असते.

शस्त्रक्रियेनंतरच्या काही महिन्यांत नव्या सांध्याभोवतीच्या हाडाची घनता आणखी घटते. त्यात बाथरूममध्ये पाय घसरला, तर सांध्याच्या लगेच वर मांडीचे हाड मोडू शकते. ही दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे: पासष्टी ओलांडलेल्या स्त्रिया, सत्तरी ओलांडलेले पुरुष, पूर्वी किरकोळ पडण्याने हाड मोडलेले, स्टिरॉइड घेणारे किंवा पाळी लवकर गेलेल्या स्त्रिया यांची शस्त्रक्रियेपूर्वी डेक्सा चाचणी व्हायलाच हवी. रक्तातील साखर आणि ईसीजी आपण न विचारता करतो, तसेच हेही. चाचणी काही मिनिटांची, वेदनारहित असते. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असेल, तर ऑस्टिओपोरोसिस समजावा. मणक्यांची झीज असल्यास तिथला आकडा फसवा, वाढीव येऊ शकतो; म्हणून खुब्याचा आकडाही पाहावा.

निदान झाले म्हणून शस्त्रक्रिया टाळावी लागते असे नाही. औषधे, ड जीवनसत्त्व, दूध-नाचणी आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम यांची जोड द्यावी लागते. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात पहाटे फिरणे उत्तमच. पण ड जीवनसत्त्वासाठी ऊन वर आलेले हवे.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल, तेव्हा सांध्याच्या किमतीआधी हाडाची चौकशी करा.