एकच नाव, दोन माल : स्वस्त ग्राफिक्स कार्ड घेताना

भूमसारख्या तालुक्याच्या गावीही आता संगणकावाचून चालणारे धंदे थोडे उरले आहेत. फ्लेक्सवाला, फोटो स्टुडिओवाला, भरतकामाचे डिझाइन काढणारा कारागीर, लग्नाचे व्हिडिओ जोडून देणारा तरुण, सर्वांची रोजी त्या पेटीवर आहे. पेटी बार्शी-सोलापुरातून येते, नाहीतर पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवली जाते. घेताना दुकानदार म्हणतो, "दोन जीबीचे ग्राफिक्स कार्ड टाकून देतो." गिऱ्हाईक मान हलवतो. या मान हलवण्यात किती पैसे जातात, ते व्यापारी बांधवांपुढे मांडावेसे वाटते. मी कापडाचा माणूस, संगणकाचा तज्ज्ञ नव्हे. पण मालाचे नाव एक आणि आतले सूत दुसरे, हा प्रकार कापडवाल्याला समजावून सांगावा लागत नाही.

एनव्हिडिया कंपनीचे जीटी १०३० हे कार्ड २०१७ च्या मे महिन्यात बाजारात आले. त्यातील मेमरी जीडीडीआर-५ जातीची होती. पुढे २०१८ साली याच नावाने दुसरे कार्ड आले, त्यात साधी डीडीआर-४ मेमरी. दोन्ही २ जीबी. दोन्हीत ३८४ कोअर. दोन्हीचा पन्ना, म्हणजे मेमरीशी बोलण्याचा रस्ता, ६४ बिटचा. नाव तर अगदी एकच. फरक कोठे आहे? फरक वेगात आहे, आणि तो लहान नाही.

हिशेब अगदी सोपा आहे. ६४ बिट म्हणजे ८ बाइट. पहिल्या कार्डाच्या मेमरीचा वेग ६, तेव्हा आठ सक अठ्ठेचाळीस, म्हणजे सेकंदाला ४८ जीबी. दुसऱ्याचा वेग २.१, तेव्हा ८ गुणिले २.१ म्हणजे फक्त १६.८ जीबी. जवळजवळ तिपटीची तफावत! पन्ना तोच, पण एक माग झपाट्याने विणतो आणि दुसरा रखडत. शिवाय दुसऱ्या कार्डाच्या मुख्य चिपचा वेगही थोडा उतरवलेला आहे, १४६८ वरून १३७९ मेगाहर्ट्झवर. वीज मात्र ते कमी खाते, ३० ऐवजी २० वॅट. ही एकच गोष्ट त्याच्या बाजूची. २०१८ साली दोन्ही कार्डे शेजारी ठेवून खेळांवर तपासली गेली, तेव्हा डीडीआर-४ चे काम कित्येक ठिकाणी निम्म्याच्या आसपास भरले.

माझे म्हणणे असे की डीडीआर-४ वाले कार्ड काढणे हा गुन्हा नव्हे, त्याला तेच नाव देणे हा गैरप्रकार आहे. हलका माल विकणे कोणत्याही बाजारात चालते. अस्तराचे कापड अस्तर म्हणून विकले तर त्यात कोणाचे काय बिघडले? पण अस्तरावर पॉपलिनचा शिक्का मारून ते पॉपलिनच्या भावाने देणे, याला आपल्या बाजारात काय म्हणतात ते वाचक जाणतात. गिरणीच्या ताग्याच्या टोकाला सूत कोणते, पन्ना किती, सॉर्ट नंबर कोणता ते छापलेले असते. लाखोंचा धंदा करणाऱ्या कंपनीने नावात एक अक्षर वाढवले असते तर तिचे काय गेले असते?

कोणी म्हणेल, खोक्यावर लिहिलेले असते की. असते, खरे आहे. मॉडेल नंबर नीट वाचला तर बहुतेक ठिकाणी डी-४ किंवा डी-५ अशी खूण सापडते. पण गावाकडचा कारागीर खोके पाहतच नाही. त्याच्या हाती बंद पेटी येते आणि बिलावर असते "ग्राफिक्स कार्ड २ जीबी, नग १". आमच्या ओळखीच्या एका भरतकामवाल्या पोराने कर्ज काढून अशीच पेटी आणली. कार्ड कोणते हे त्यालाही ठाऊक नव्हते आणि बिलावरूनही कळण्यासारखे नव्हते. तेव्हा बिलावर मेमरीची जात लिहून घ्या. दुकानदार लिहून देण्यास कांकू करू लागला तर समजून जावे. आपले जे भाऊ स्वतः संगणक विकतात त्यांनी तर न मागता लिहून द्यावे. ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा व्यापारी कारणासाठी घेतलेल्या मालाला लागू होत नाही, पण स्वतः राबून पोट भरणाऱ्याने त्या रोजगारासाठीच घेतलेल्या मालाला तो लागू होतो. लहान कारागिराने ही सवलत ध्यानात ठेवावी. मात्र तक्रार करण्यास कागद लागतो, आणि तो कागद म्हणजे बिल.

पेटी घरी आल्यावर जीपीयू-झेड नावाचा मोफत प्रोग्राम चालवला की मेमरीची जात आणि वेग पडद्यावर दिसतो. जुन्या चिपवर नवे नाव चढवलेली बनावट कार्डेही फिरतात. तीही हा प्रोग्राम बहुधा पकडतो.

आता कार्डाची गरज कोणाला, हाही प्रश्न आहे. माझ्यासारख्या कापडवाल्याला बिल आणि स्टॉकसाठी वेगळे कार्ड मुळीच लागत नाही, प्रोसेसरमधील ग्राफिक्स पुरते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नंबरामागे 'एफ' असते त्यात मात्र ते नसते, तेथे कार्ड घालावेच लागते. फक्त पडदा उजळायचा असेल तर डीडीआर-४ चेही चालेल, पण भाव त्याचाच द्यावा. फोटो आणि डिझाइनचे काम असेल तर आधी रॅम वाढवावी. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्याने जीटी १०३० या नावाच्या दोन्ही कार्डांपासून दूर राहावे, कारण व्हिडिओ तयार करताना लागणारा एन्कोडर त्या चिपमध्ये नाहीच. गंमत अशी की इंटेलच्या साध्या प्रोसेसरमधील ग्राफिक्समध्ये तो असतो. शिवाय २०२५ साली कंपनीने जाहीर केले की या पिढीच्या कार्डांचे नियमित ड्रायव्हर त्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंतच, पुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या.

यापेक्षा वाईट नमुना जीटी ७३० चा. २०१४ साली आलेल्या या एका नावाखाली तीन वेगळे माल होते. एकात ९६ कोअर, दोहोंत ३८४. मेमरी कोठे डीडीआर-३, कोठे जीडीडीआर-५. वेग १४.४ पासून ४० जीबीपर्यंत. त्याचे ४ जीबीचे डीडीआर-३ कार्ड "मोठे कार्ड" म्हणून खपवले जाते. थान लांब असले म्हणून वीण दाट होत नाही. यातील नव्या पिढीच्या चिपलाही सुरक्षेच्या दुरुस्त्या सप्टेंबर २०२४ पर्यंतच होत्या, जुनीच्या तर त्याआधीच संपल्या. तेव्हा कोणी जीटी ७३० पुढे केले तर ४ जीबी ऐकून हुरळू नये, आणि जुन्या बाजाराच्या भावावर एक रुपयाही जास्त देऊ नये.