झुंजारच्या बापाला विचारायचं राहिलंच

मंडळी, स्पायडरमॅनच्या गोष्टी लिहिणारे स्टॅन ली २०१८ साली गेले, पंचाण्णव वर्षांचे होऊन. म्हातारपणीही चाहते त्यांना मेळाव्यांत गाठून विचारत, हे सगळं सुचतं कसं? आपल्या बाबूराव अर्नाळकरांना असं किती जणांनी विचारलं असेल?

गिरगावात चष्म्याचं दुकान सांभाळून या माणसाने हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू ही सारी त्यांचीच मंडळी. इकडे अकोल्या-अमरावतीत आम्ही पोरं वाचनालयातून आणलेलं पुस्तक एका रात्रीत फस्त करायचो, कारण सकाळी पुढचा गडी दारात उभा असे. पण अर्नाळकरांचा विषय निघाला की लोक आकडा तेवढा सांगतात. किती लिहिलं! कसं लिहिलं, हा प्रश्न मात्र संमेलनातल्या कवी-कादंबरीकारांसाठी राखीव.

मला हा करंटेपणा वाटतो. तोच नायक शेकडो वेळा संकटात टाकायचा आणि वाचकाला कंटाळा येऊ द्यायचा नाही, ही मोठी कारागिरी आहे. प्रकरण कुठे तोडायचं, चोर कधी दाखवायचा, हे वर्गात गोष्ट सांगणाऱ्या आम्हा मास्तरांनाही शिकायला आवडलं असतं. अर्नाळकर १९९६ साली गेले. आता विचारायची सोय नाही.

तुमच्या गावात पोरांसाठी गोष्टी लिहिणारा, चित्रकथा काढणारा कुणी म्हातारा असेल, तर शाल-श्रीफळ राहू द्या. चार पोरं घेऊन त्याच्याकडे जा आणि त्यांना मनसोक्त विचारू द्या.

असो. तुम्ही अर्नाळकरांना काय विचारलं असतं? जरूर कळवा.