मोठी म्हणजे केवढी?

पंचवटींत आलेला यात्रेकरू तीर्थोपाध्यायांची वही उघडवितो. तींत आजोबांची सही दिसली कीं त्याचें मन निःशंक होतें. आतां तोच विश्वास घरांतील तरुण मंडळी मोबाइलच्या पडद्यावर शोधूं लागली आहे. गेल्या महिन्यांत आमच्या तीर्थरूपांच्या काशीयात्रेचा बेत ठरला. एका नव्या ऑनलाइन यात्राकंपनीकडे सगळी रक्कम आगाऊ भरण्यास चिरंजीव सिद्ध झाले. "कंपनी मोठी आहे, लाखों लोक तिला ओळखतात," हा त्यांचा आधार. तेव्हां मातोश्रींनीं विचारिलें, "मोठी म्हणजे केवढी रे?"

प्रश्न मार्मिक होता. वय, आकार व कीर्ति या तीन निराळ्या गोष्टी आहेत. नोंदलेल्या कंपनीचा ओळखक्रमांक २१ अक्षरांचा असतो; त्यांतील सातवें व आठवें अक्षर राज्याचें आणि पुढील चार अंक स्थापनेच्या सालाचे. आकार पाहतांना विक्रीच्या आंकड्यानें दिपून जाऊं नये. १०,००० रुपयांचें तिकीट विकलें, तरी त्यांतील बहुतेक पैसा विमानकंपनीचा. यात्राकंपनीची खरी कमाई म्हणजे दलाली. ती वार्षिक हिशेबांत दिसते, आणि ते हिशेब सरकारदफ्तरांतून अल्प शुल्कांत मिळतात. कीर्ति मात्र जाहिरातीनें ठरत नाहीं. तिऱ्हाइतांनीं दखल घेतली पाहिजे. २००० सालची मेकमायट्रिप २०१० मध्यें अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारांत गेली. मुंबईची २००६ सालची क्लिअरट्रिप २०२१ मध्यें फ्लिपकार्टनें घेतली. अशा घटनांची नोंद इतरांस घ्यावीच लागते.

तथापि मोठेपण म्हणजे हमी नव्हे. १८४१ पासून चालत आलेली इंग्लंडची थॉमस कुक २३ सप्टेंबर २०१९ रोजीं बुडाली व सुमारे दीड लाख प्रवाशांस परत आणण्याची व्यवस्था तेथील सरकारास करावी लागली. हिंदुस्थानांतील त्याच नांवाची कंपनी २०१२ पासून वेगळ्या मालकीची, म्हणून ती तगली.

चिरंजीवांनीं क्रमांक काढून पाहिला. कंपनी अवघी दोन वर्षांची. हिशेब एकाच सालचा. तिला नालायक ठरविण्याचें कारण नव्हतें, पण वृद्धांची आयुष्यभराची शिल्लक तिच्या हवालीं करण्याचेंही नव्हतें. रेल्वेचीं तिकिटें आम्हीं स्वतः काढलीं. कंपनीस केवळ मुक्कामाची थोडी विसार रक्कम दिली. मातोश्री आतां निश्चिंतपणें गाठोडें बांधीत आहेत.